हन्नाचा झगा आणि एसटीचे तिकीट

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





वसतिगृहाचा वार्षिक अहवाल सेक्रेटरीसाहेबांनी आत्ताच वाचून दाखवला. मुले किती, दहावीला किती बसली, छपराचे काम कुठवर आले, हे आपण ऐकले. मी पालघर जिल्ह्यात, जव्हारच्या डोंगरात गेली चौदा वर्षे या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. मला अहवालाच्या शेवटच्या पानावरच्या तीन ओळींबद्दल बोलायचे आहे. खर्चाच्या तक्त्यात त्या अगदी तळाला आहेत. पहिली ‘क्रीडासाहित्य’, दुसरी ‘नदीवरची सहल’ आणि तिसरी ‘पालकभेट – प्रवासखर्च’.

यंदा तांदूळ, डाळ, तेल सगळेच महागले आहे. त्यामुळे या तीन ओळी काही काळ बंद ठेवाव्यात का, हा विचार समितीपुढे आहे. समितीतली माणसे कठोर नाहीत, त्यांना हिशेब जुळवायचा आहे. मुलांना आधी जेवण, मग पुस्तक, आणि उरले तर खेळ आणि भेटीगाठी, असा हा साधा विचार आहे. मला वाटते, पवित्र शास्त्राचा हिशेब थोडा वेगळा आहे. म्हणून आज उभी राहिले.

आधी आमच्या मुलांच्या घरचे वर्ष कसे फिरते ते सांगते. आमच्याकडे वारली, कोकणा, क ठाकूर आणि कातकरी घरांतली मुले आहेत. डोंगरउतारावर नागली, वरई, खाली खाचरात भात. उन्हाळ्यात राब भाजायचे, मृगात पेरायचे, जुलैत गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी करायची, आणि दिवाळीच्या सुमाराला कापणी-झोडणी उरकायची. तेवढ्या धान्यावर वर्ष निघत नाही. मग दिवाळी झाली की घरेच्या घरे वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंना. भट्टीवाल्याकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी पावसाच्या तोंडापर्यंत विटा पाडायच्या. दर आठवड्याला खर्ची मिळते, त्यात मीठमिरची भागवायची. हिशेब हजार विटांवर असतो. मध्ये होळीला जमले तर चार दिवस गावी यायचे.

आई-बाप भट्टीवर गेले की मूलही तिकडेच जाते आणि शाळा सुटते. ती सुटू नये म्हणून वसतिगृह आहे. पण याचा दुसरा अर्थ असा, की सहा-सात वर्षांचे लेकरू दिवाळीपासून जवळजवळ सहा महिने आई-बापांपासून लांब राहते. आपण त्याला छप्पर देतो, जेवण देतो, देवाचे वचन शिकवतो. आईची जागा मात्र आपण घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये.

आता पहिली ओळ, खेळाची.

आमचे मैदान म्हणजे मुरूम टाकलेला एक सपाट तुकडा. एका बाजूला आंब्याचे झाड आहे, त्यावर सूरपारंब्या चालतात. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, कबड्डी, खो-खो. मुली ठिकऱ्या आणि सागरगोटे खेळतात, आणि कबड्डीत मुलांना हरवतात. क्रीडासाहित्याच्या ओळीत दोन फुटबॉल, खो-खोचे खांब, चुना, दोरी आणि जखमेवर लावायचे औषध एवढेच येते. विटी आणि दांडू मुले स्वतः तासतात. त्याला खर्च नाही, फक्त संध्याकाळचा एक तास मोकळा लागतो. तोच तास आता शिकवणीला द्यावा, अशी सूचना आहे.

सुरुवातीला नवे मूल आले की ते मैदानाच्या कडेला उभे राहते. चार दिवस, आठ दिवस. जेवते, शाळेत जाते, प्रार्थनेला बसते, पण बोलत नाही. एके संध्याकाळी लगोरीचा चेंडू त्याच्या पायाशी येतो आणि ते चेंडू उचलून फेकते. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकीण मावशी मला येऊन सांगतात, “बाई, तो राहिला आता.” इतक्या वर्षांत मावशींचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. मूल वसतिगृहात रुजले की नाही, हे हजेरीपटावर कळत नाही. ते मैदानावर कळते.

आपला प्रभू मुलांचे खेळ ओळखत होता. बाजारात बसून लग्नाचा आणि मयताचा खेळ खेळणाऱ्या, सोबती खेळात येत नाहीत म्हणून रुसणाऱ्या मुलांचा दाखला त्याने दिला आहे. ज्याने मुलांना खेळताना उभे राहून पाहिले असेल, त्यालाच असा दाखला सुचतो. आणि जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या चांगल्या दिवसांचे जे चित्र रंगवले, त्यात काय आहे? चौकात काठी टेकत बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या, आणि खेळणाऱ्या मुला-मुलींनी भरलेले रस्ते. बंदिवासातून परतलेल्या, मोडक्या भिंतींच्या शहरासाठी देवाने दिलेले ते वचन होते. शहर पूर्ण बांधून झाले, श्रीमंत झाले, मग मुले खेळू लागली, असे ते नाही. मुले निर्भयपणे खेळत आहेत, हीच देव तिथे असल्याची खूण.

जगालाही हे कळले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून 31 व्या कलमात लिहिलेला आहे, आणि 1992 मध्ये आपल्या देशाने तो करार मान्य केला. मंडळीने जगाच्या मागे राहू नये.

दुसरी ओळ नदीची.

वर्षातून दोनदा, पाऊस ओसरल्यावर आणि पुन्हा परीक्षा संपल्यावर, आम्ही मुलांना घेऊन नदीवर जातो. पहाटे नागलीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून घ्यायची, दीड तास चालायचे. पाणी गुडघ्याएवढे असेल तिथेच उतरायचे, मोठ्यांनी दोर धरून उभे राहायचे, दर अर्ध्या तासाला मुले मोजायची. भर पावसात आम्ही नदीकडे फिरकतही नाही. हे सांगते, कारण काळजीने विचारणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची काळजी बरोबर आहे.

त्या दिवशी मुले आमची शिक्षक होतात. कुठल्या दगडाखाली खेकडा असेल आणि त्याला मागून कसा धरायचा, कुठली शेंग खायची आणि कुठली नाही, कुठल्या पक्ष्याने घरटे कुठे बांधले. आम्ही शहरातली शिकलेली माणसे त्यांच्यामागून मुकाट चालतो. वर्गात पाढ्यांना अडखळणारा मुलगा इथे सर्वांत पुढे असतो. गेल्या वर्षी अशाच एका मुलाने पाण्यात बोटांची मुळीच हालचाल न करता मासा हातात कसा येऊ द्यायचा, हे मला शिकवले. मला जमले नाही. तो म्हणाला, “बाई, तुमी लय घाई करता.” मी त्या वाक्यावर अजून विचार करते आहे.

पावसाळ्यात मुंबईहून आणि नाशिकहून गाड्या भरून लोक जव्हारला येतात. दाभोसाचा धबधबा पाहतात, भिजतात, भजी खातात, आनंदाने परत जातात. चांगले आहे. देवाने डोंगर सगळ्यांसाठीच केले. पण त्याच डोंगरात जन्मलेल्या मुलाला तो डोंगर केवळ लाकडाच्या मोळीचा आणि पाण्याच्या हंड्याचा रस्ता म्हणून ठाऊक असावा, आणि सहल हा शब्द फक्त पाहुण्यांसाठी असावा, हे बरोबर वाटत नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या दिवाणखान्यात वारली चित्र टांगलेले असेल. जिव्या सोमा मशे यांनी ते चित्र झोपडीच्या भिंतीवरून जगापर्यंत नेले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते चित्र एकदा जवळून पाहा. तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल धरून नाचणारी माणसे, मासे पकडणारी, झाडावर चढणारी, बैलामागे चालणारी. या लोकांनी स्वतःचे आयुष्य काढले, तेव्हा काम आणि आनंद एकाच भिंतीवर काढला. आपण त्यांच्याकडे आनंद घेऊन जात नाही, तो तिथे आहेच. आपले काम एवढेच, की पोट भरण्याच्या आणि शिकण्याच्या धडपडीत तो मुलांच्या हातून सुटू नये.

आता तिसरी ओळ. हिच्यासाठीच मी मुख्यतः उभी आहे.

महिन्यातला एक रविवार हा भेटीचा रविवार. उपासना संपली की पालक येतात. कोणी गावाकडून चालत येतात, कोणी भट्टीवरून एसटी बदलत-बदलत. कोण कुठल्या देवाला मानतो, हे विचारून आम्ही फाटक उघडत नाही. कोणाच्या हातात उकडलेले करांदे असतात, कोणाच्या फडक्यात बोरे. आंब्याखाली गटागटाने माणसे बसतात. फार बोलत नाहीत. आई लेकीचे केस सोडते, उवा काढते, तेल लावून घट्ट वेणी घालते. बाप मुलाच्या हातातला दांडू बघतो, नीट नाही म्हणतो आणि कोयत्याने पुन्हा तासून देतो. दुपारी सगळ्यांचे एकत्र जेवण. मग संध्याकाळची गाडी.

भट्टीवरच्या माणसाला ही भेट स्वस्त पडत नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून विटा पाडते. एक गेला तर दुसऱ्याचे काम अडते, त्या दिवसाच्या विटा बुडतात, आणि तिकिटाचे पैसे आठवड्याच्या खर्चीतून जातात. 17 मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्याकडे आयांची संख्या वाढलेली मला दिसते. अर्ध्या तिकिटाने किती फरक पडतो, हे मी फाटकात उभी राहून पाहिले आहे. उरलेले अर्धे तिकीट आणि बापाचे पूर्ण तिकीट म्हणजे आपल्या तक्त्यातली ती तिसरी ओळ.

आता एका मुलीबद्दल सांगते. नाव सांगत नाही. दुसरीत होती. दिवाळीनंतर तिचे आई-बाप भट्टीवर गेले, तेव्हा आईला दिवस गेलेले होते. नाताळ झाला, जानेवारी गेला, कोणी आले नाही. मुलगी आजारी नव्हती, पण जेवण कमी झाले. खेळायला जाईना. दोनदा ती फाटकाबाहेर रस्त्याला लागलेली सापडली. विचारले तर म्हणे, भट्टीवर जाते. भट्टी कुठल्या दिशेला आहे, हेही तिला ठाऊक नव्हते.

आम्ही निरोप पाठवला, तिकिटाचे पैसे पाठवले. मार्चमधल्या भेटीच्या रविवारी आई आली. पाठीला महिन्याभराचे बाळ बांधलेले, आणि पिशवीत आठवडी बाजारातून घेतलेला एक गुलाबी फ्रॉक. मुलगी आधी जवळ जाईना. मावशींच्या मागे उभी राहून बघत होती. मग आईने बाळ सोडून तिच्या मांडीवर दिले. “तुझा भाऊस,” एवढेच म्हणाली. मुलीने त्याची बोटे मोजली. एका हाताची, मग दुसऱ्या हाताची. आणि मग तिला रडू फुटले.

फ्रॉक अंगात बसेना. आईने दिवाळीतल्या मापाने घेतला होता, आणि लेकरू तेवढ्यात वाढले होते. पाठीची बटणे लागेनात. तशीच, उघड्या बटणांनी, ती दिवसभर तो घालून फिरली. संध्याकाळी आईची गाडी गेल्यावर मावशींनी शिवण उसवून दोन्ही बाजूंना कापडाची पट्टी जोडली. पुढच्या सोमवारी ती मुलगी मैदानात ठिकऱ्या खेळत होती. आज ती आठवीत आहे.

तो फ्रॉक पाहताना मला हन्ना आठवली. आपण हन्नाची गोष्ट शब्बाथशाळेत शिकवतो ती तिच्या प्रार्थनेची आणि तिच्या अर्पणाची. तिने लेकरू मागितले आणि देवाला देऊन टाकले, इथे आपण थांबतो. पण शास्त्र तिथे थांबत नाही. पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे की ती दरवर्षी नवऱ्याबरोबर शिलोला जाई, आणि जाताना शमुवेलासाठी एक लहानसा झगा शिवून नेई. बहिणींनो, विचार करा. वर्षभर न पाहिलेल्या मुलासाठी झगा शिवायचा म्हणजे माप कुठले घ्यायचे? ती शेजारच्या मुलांकडे बघत असेल. आपला एवढा झाला असेल, असे म्हणत कापड बेतत असेल. शमुवेल देवाच्या मंदिरात होता, एली याजकाच्या हाताखाली होता, देवाची वाणी ऐकणारा होता. तरी त्याला आईची भेट लागत होती, आणि ती भेट देवाच्या सेवेच्या आड आली नाही. पवित्र आत्म्याने त्या झग्याची नोंद शास्त्रात ठेवली. आपण आपल्या तक्त्यात तिकिटाची ओळ ठेवायला काय हरकत आहे?

एक आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो खोटा नाही. भेट झाली की मुले रडतात, दोन दिवस अभ्यासात लक्ष लागत नाही. त्यापेक्षा भेटी कमी असलेल्या बऱ्या. होय, मुले रडतात. भेटीच्या रविवारची रात्र आमच्याकडे जड असते. मावशी आणि मी दिवे मालवल्यावरही खोल्यांतून फिरत असतो. पण रडणारे मूल आणि गप्प झालेले मूल यांत मला गप्प झालेल्याची भीती जास्त वाटते. रडणारे मूल आई आहे म्हणून रडते. जे गप्प होते, ते एक दिवस फाटकाबाहेर निघते. आमच्याकडून जी मुले शाळा सोडून गेली, त्यांतली बहुतेक भुकेमुळे गेली नाहीत, नापास झाली म्हणूनही गेली नाहीत. ती घराच्या ओढीने गेली. त्यांच्यासाठी घेतलेली पुस्तके आणि शिजवलेला भात तिथेच संपला. म्हणून म्हणते, की ही ओळ काटून पैसे वाचणार नाहीत.

आपल्या शुभवर्तमानाची सुरुवातही एका भेटीने होते. मरीयेला देवदूताचा निरोप मिळाला, आणि ती लगबगीने डोंगराळ प्रदेशात आपल्या नातलग अलीशिबेकडे निघाली. तीन महिने राहिली. त्या घरात सलाम झाला आणि पोटातल्या बाळानेही आनंदाने उसळी मारली, असे लूक सांगतो. पुढे प्रभू स्वतः असाच घरोघर गेला. पेत्राच्या सासूकडे, मार्था-मरीयेकडे, जक्कयाकडे. दमलेल्या शिष्यांना तो म्हणाला की चला, जरा एकांतात विसावा घ्या. पुनरुत्थानानंतर तिबिर्य सरोवराच्या काठावर त्याने काय केले? निखारे पेटवले, मासे भाजले आणि मित्रांना न्याहारीला बोलावले. मरण जिंकून आलेला प्रभू पहाटे काठावर भाकरी-मासे वाढत होता. मोकळी हवा, आपली माणसे आणि देवावरचा विश्वास, या तीन गोष्टी त्याने कधी वेगळ्या खात्यांत मांडल्या नाहीत.

शब्बाथाची आज्ञा आठवा. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. कोणाचे दास होते ते? विटा पाडून घेणाऱ्या राजाचे. विटांचा ठरलेला आकडा भरल्याशिवाय ज्यांना सुट्टी नव्हती, त्यांना देवाने आठवड्याचा एक दिवस दिला. आमच्या मुलांचे आई-बाप आजही विटांचा आकडा भरत आहेत. त्यांच्या महिन्यातल्या एका रविवाराचे तिकीट आपण काढतो, तेव्हा ती आज्ञा पाळण्यात आपलाही थोडा हात लागतो.

आता माझे मागणे सांगते आणि थांबते.

पहिले मागणे समितीला. ही तीन खाती बंद करू नका. कमी करायचेच असेल तर आमच्या कर्मचाऱ्यांच्या नाश्त्यातून करा, आम्ही आपसांत बोलून ठेवले आहे. संध्याकाळचा खेळाचा तास शिकवणीला देऊ नका. शिकवणी आपण प्रार्थनेनंतर घेऊ.

दुसरे मागणे हितचिंतकांना. एका आई-बापाचे जाण्यायेण्याचे भाडे म्हणजे आपल्यापैकी एखाद्या कुटुंबाच्या रविवारच्या बाहेरच्या जेवणाहूनही कमी आहे. महिन्यातले एक जेवण घरी करा आणि ते पैसे पालकभेटीच्या नावे पाठवा. पाकिटावर तसे लिहा, म्हणजे ते दुसरीकडे जाणार नाहीत.

तिसरे मागणे थोडे अवघड आहे. आमच्याकडे या, पण पाहुणे म्हणून या, प्रमुख पाहुणे म्हणून नको. खुर्च्या मांडायला लावू नका. मुलांना रांगेत उभे करून केळी-बिस्किटे देताना फोटो काढू नका. मुलेबाळे घेऊन या, जुने कपडे घालून या, आट्यापाट्या खेळा, हरा. आपल्या शब्बाथशाळेतल्या मुलांना आमची मुले खेकडा धरायला शिकवतील. भेटीच्या रविवारी आलात तर आंब्याखाली एखाद्या आई-बापाशेजारी बसा आणि त्यांनी पुढे केलेला करांदा खा. घेणाऱ्यालाही देण्याचा मान मिळाला पाहिजे.

आणि एक आपल्या घरांबद्दल. आपले आई-वडीलही कुठेतरी नगरकडे, जालन्याकडे, वसईत, एखाद्या गावच्या घरात वाट पाहत असतील. आपल्याला भट्टीची उचल फेडायची नसते, गाडी दारात असते, आणि तरी भेट लांबते. हे मी मलाही सांगते आहे. येत्या रविवारी उपासना झाली की थोडी वाट वाकडी करू या. मुलांना बरोबर घेऊ या, झाडाखाली बसू या, म्हाताऱ्यांच्या डोक्याला तेल लावू या. त्यालाही प्रभू सेवाच म्हणेल.

शमुवेल वाढत गेला, आणि देव व माणसे दोघेही त्याच्यावर प्रसन्न होती, असे शास्त्र सांगते. आपली लेकरेही तशीच वाढोत. ती वाढली की त्यांचे माप चुकायला आईला जवळ येता येवो.

प्रभू आपल्या घरांना आणि त्या डोंगरातल्या घरांना आशीर्वाद देवो. आमेन.